रॅक सर्व्हरचे पंखे आवाज करू लागले तर काय तपासाल

सर्व्हर चालू केला की पहिलं अर्धं-एक मिनिट पंखे पूर्ण वेगाने घोंगावतात आणि मग हळूहळू खाली बसतात. यात बिघाड काही नाही. ते खाली बसतच नाहीत, किंवा काल शांत असलेलं मशीन आज दाराबाहेरून ऐकू येतं, तेव्हा मात्र तपासायला हवं. बहुतेक वेळा पंखा बिचारा ठीकच असतो. त्याला वेग वाढवायला सांगणारा बीएमसी, म्हणजे मदरबोर्डवरचा देखरेखीचा छोटा संगणक, काहीतरी पाहून घाबरलेला असतो. म्हणून पंख्याला हात लावण्याआधी बीएमसीला विचारायचं.

यू हे रॅकमधल्या उंचीचं माप. एक यू उंचीचा सर्व्हर जेमतेम ४.४ सेंटीमीटर जाड असतो. त्यात ४० मिलिमीटरचेच पंखे बसतात आणि एवढ्या लहान पात्यांनी पुरेशी हवा ढकलायची तर मिनिटाला १५,००० फेऱ्यांपर्यंत किंवा त्याहूनही वर जावं लागतं. दोन यूमध्ये साधारण ६० मिलिमीटरचे पंखे असतात, ते त्या मानाने सुसह्य. वेग निम्म्यावर आला तर आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो आणि पंख्याला लागणारी वीज एक-अष्टमांश होते. त्यामुळे खरं कारण सापडलं की फरक लगेच कानाला कळतो.

पहिली पायरी: आकडे लिहून घ्या

बीएमसीचं पान प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने येतं: डेलमध्ये आयड्रॅक, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोव्होमध्ये एक्सक्लॅरिटी, सुपरमायक्रोमध्ये आयपीएमआयचं पान. ब्राउझरमधून लॉगिन करा आणि प्रत्येक पंख्याचा आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), आत येणाऱ्या हवेचं तापमान, प्रोसेसरची तापमानं वहीत उतरवा. मग इव्हेंट लॉग उघडून आवाज सुरू झाला त्या दिवसाच्या नोंदी वाचा. ही दहा मिनिटं वाचवू नका. पुढची सगळी दिशा इथेच ठरते.

सगळे पंखे जोरात आणि तापमानही चढलेलं, तर उष्णता खरी आहे. एक पंखा शून्यावर आणि बाकीचे जोरात, तर मेलेल्या पंख्याचं काम उरलेले ओढताहेत. तो बदला. आरपीएम नेहमीचाच पण घरघर किंवा खरखर येते, तर बेअरिंग गेलं. तेलाचा थेंब टाकला तरी ते फार दिवस टिकत नाही, पंखा नवाच घ्या. आणि सगळे जोरात पण तापमान अगदी साधं, हा प्रकार सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो. त्याकडे पुढे येतो.

उष्णता खरी असेल तर

आधी खोली. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी ॲशरे या संस्थेची शिफारस आहे. एसीच्या रिमोटवर २२ दिसतंय म्हणून समाधान मानू नका. थर्मामीटर रॅकच्या पुढच्या बाजूला, सर्व्हरच्या उंचीवर धरा. विदर्भातल्या मे महिन्यात रात्री एसी बंद करून घरी जाणारी कार्यालयं मी पाहिली आहेत. तिथे पंखे ओरडणारच. रॅक भिंतीला टेकलेला असेल तर पुढे ओढा. रॅकमधल्या रिकाम्या जागांतून मागची गरम हवा पुन्हा पुढे येते, तिथे कोऱ्या पट्ट्या बसवा. त्या स्वस्त मिळतात, आणि मी तर म्हणेन की एवढ्या पैशात याहून चांगला उपाय दुसरा नाही.

मग मशीन. सर्व्हर रीतसर बंद करा आणि दोन्ही पॉवर केबल काढा. दोन पॉवर सप्लाय असतात आणि लोक घाईत एकच केबल काढतात. केबल काढल्यावर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, आत उरलेली वीज निघून जाते. झाकण उघडलं की धूळ बहुधा पंख्यांवर फारशी दिसत नाही. ती हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पातळ पत्र्यांमध्ये, हवा शिरते त्या तोंडाशी, गोधडीतल्या कापसासारखी दाबून बसलेली असते. वरून पाहिलं तर हीटसिंक स्वच्छ वाटतो. टॉर्च समोरून मारा. ब्लोअरने उलट्या दिशेने, म्हणजे मागून पुढे, हवा मारा. तसं करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ब्लोअरच्या झोताने ती भलत्याच वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होतं.

आतलं काळं प्लास्टिकचं आच्छादन जागेवर आहे ना, हेही बघा. एका कार्यालयातून दोन आठवडे सर्व्हर किंचाळतोय म्हणून बोलावणं आलं. आरपीएम चढलेले, दुसऱ्या प्रोसेसरचं तापमान पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. रॅम वाढवताना कुणीतरी ते आच्छादन काढलं होतं आणि ते शेजारच्या कपाटावर तसंच पडून होतं. त्याच्यावाचून हवा हीटसिंकमधून न जाता बाजूने निसटते. बसवलं, दोन खटके ऐकू आले, मशीन चालू केलं आणि पाच मिनिटांत खोलीत बोलणं ऐकू येऊ लागलं.

तापमान साधं, तरी पंखे जोरात

इथे बीएमसीला उष्णता दिसत नसते, माहिती अपुरी पडत असते. अशा वेळी तो सुरक्षित बाजू धरून वेग वाढवतो. आवाज सुरू होण्याआधी काय बदललं, ते आठवा. डेलच्या पॉवरएज आर ७३० सारख्या मशीनमध्ये दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क किंवा ग्राफिक कार्ड घातलं की ते किती तापतं हे कळत नसल्याने पंखे मुद्दाम वर नेले जातात. आयड्रॅकच्या रॅकॅडम आज्ञेतून हा थर्ड पार्टी पीसीआय प्रतिसाद बंद करता येतो. बंद करण्याआधी कार्डाला खरंच किती हवा लागते ते पाहा. स्वतःचा पंखा नसलेली ग्राफिक कार्डं पूर्णपणे सर्व्हरच्या हवेवर जगतात, त्यांच्यासाठी हा प्रतिसाद चालू ठेवा.

झाकण नीट न बसल्यानेही अनेक मशीन पंखे वर नेतात. बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) किंवा बीएमसीमध्ये कूलिंग प्रोफाइल कमाल कामगिरीवर ठेवलेलं असू शकतं. सुपरमायक्रोत पंख्यांचा मोड फुल असेल तर तो ऑप्टिमलवर आणा. हे सगळं ठीक असूनही फरक पडला नाही तर बीएमसी रीसेट करा आणि त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. रीसेट होताना पंखे काही वेळ पूर्ण वेगाने फिरतील, तेव्हा थांबा.

पंखे दर काही सेकंदांनी लाटेसारखे चढत-उतरत असतील आणि नुकतेच हळू फिरणारे शांत पंखे बसवले असतील, तर कारण ठरलेलं आहे. त्यांचा आरपीएम बीएमसीच्या किमान मर्यादेखाली जातो, बीएमसी पंखा मेला असं समजून सगळ्यांना पळवतो, आरपीएम वाढतो, तो निश्चिंत होतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. आयपीएमआयटूल या बीएमसीला आज्ञा देणाऱ्या प्रोग्रॅमने ती खालची मर्यादा नव्या पंख्याला साजेशी करा.

वेग हाताने १५ टक्क्यांवर बांधून टाकण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात. मला तो मुळीच पटत नाही. प्रोसेसर तापला तर निदान स्वतःला हळू करतो, पण डिस्क आणि अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं रेड (RAID) कार्ड मुकाट भाजत राहतात. करायचंच असेल तर तापमान वाढताच ताबा बीएमसीकडे परत देणारी स्क्रिप्ट सोबत हवीच.

तपास लांबला तर कानात इअरप्लग घाला. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही कामाच्या जागेसाठी नायॉश या अमेरिकन संस्थेने सांगितलेली मर्यादा आहे. दुरुस्ती झाल्यावर मशीन तासभर नेहमीच्या भारावर चालू द्या, मग प्रत्येक पंख्याचा आरपीएम आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान तारखेसह कागदावर लिहून रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.