घरच्यांसोबत हॉटेलात जाताना हलकं कसं खायचं

डाएट चालू असताना एकट्याने बाहेर जेवणं तसं सोपं असतं, सूप आणि सॅलड मागवलं की झालं. खरी पंचाईत होते ती घरची सगळी मंडळी सोबत असली की. मुलांना एक हवं असतं, नवऱ्याला दुसरंच, सासूबाईंना तिखट चालत नाही, सगळं टेबलाच्या मधोमध येतं आणि आपण नक्की किती खाल्लं याचा पत्ताच लागत नाही. मी गेली दोन वर्षं हळूहळू वजन कमी करतेय आणि या काळात बाहेर जाणं मुद्दाम बंद केलं नाही, कारण आमच्याकडे सगळे फोन बाजूला ठेवून दीड तास एकत्र बसतात ते तेवढंच. तर जे करून बघून जमायला लागलं ते लिहितेय.

सगळ्यात आधी, उपाशी जाऊ नका. मी सुरुवातीला हेच करायचे, रात्री बाहेर जायचंय म्हणून दुपारचं जेवण टाळायचं, म्हणजे हिशोब जुळेल. एकदा तिथे गेल्यावर टेबल मिळायला पाऊण तास लागला, मग ऑर्डर यायला अजून वीस मिनिटं, आणि तळलेलं स्टार्टर समोर आलं तेव्हा मी काय खातेय हे कळायच्या आत अर्धी प्लेट संपली होती, वर मूड खराब झाला तो वेगळाच. आता दुपारी नेहमीसारखं जेवते आणि निघायच्या तासभर आधी एखादं फळ किंवा उकडलेलं अंडं खाऊन घेते. घरात कुणाला डायबेटिस असेल आणि त्याची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांनी तर जेवण टाळायचा विचारही करू नये, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

दुसरं म्हणजे मेन्यू घरीच बघून ठेवायचा. बहुतेक ठिकाणचा ऑनलाईन मिळतो. काही देशांत मोठ्या चेन्सना मेन्यूवर कॅलरी छापणं सक्तीचं आहे, अमेरिकेत 2018 पासून आणि इंग्लंडमध्ये 2022 पासून, तसं असेल तर काम अजून सोपं. आपली एक डिश आधीच ठरवून जायची आणि तिथे गेल्यावर मेन्यू हातातच घ्यायचा नाही, कारण फोटो बघितले की ठरवलेलं सगळं बदलतं.

आता मुद्द्याचं. माझा अनुभव असा की मन आवरायचं असेल तर ते ऑर्डर देतानाच आवरतं, ताट समोर आल्यावर नाही. जॉन डी कॅस्ट्रो नावाच्या संशोधकाने लोकांकडून रोजच्या खाण्याच्या नोंदी लिहून घेतल्या होत्या, त्यात सोबतीने घेतलेलं जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सरासरी 44 टक्के मोठं निघालं. यात कुणाचा दोष नाही, सोबत असली की आपण जास्त वेळ बसतो आणि समोर आहे तोवर हात जात राहतो. म्हणून समोर काय येणार तेच आधी ठरवायचं. घरात एकाने ऑर्डर द्यायची, शक्य असेल तर ते काम आपणच घ्यायचं. आम्ही पाच जण असतो तर मेन डिश तीनच सांगतो, लागलं तर चौथी नंतर, आणि खरं सांगायचं तर चौथी क्वचितच लागते. सगळं एकदम मागवायचं नाही, टप्प्याटप्प्याने मागवायचं, भुकेल्या पोटी दिलेली ऑर्डर नेहमीच जास्तीची असते.

पहिल्या टप्प्यात सगळ्यांसाठी सूप. बार्बरा रोल्स यांच्या 2007 च्या अभ्यासात जेवणाआधी पातळ भाज्यांचं सूप प्यायलेल्या लोकांनी, सुपाच्या कॅलरी धरूनसुद्धा, एकूण सुमारे 20 टक्के कमी खाल्लं होतं. फक्त ते क्रीमवालं नको, पातळ हवं. सॅलडचं पण तसंच आहे, नाव सॅलड म्हणून निर्धास्त होऊ नका, वर घट्ट ड्रेसिंग, चीज आणि तळलेले ब्रेडचे तुकडे असले तर ते मेन डिशच्या बरोबरीला जातं. ड्रेसिंग वेगळ्या वाटीत द्यायला सांगायचं आणि काट्याचं टोक त्यात बुडवून मग पान उचलायचं, चव तेवढीच लागते आणि वाटी जवळपास भरलेलीच परत जाते.

तेलाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण घरच्या आणि बाहेरच्या जेवणातला मोठा फरक तिथेच असतो. एका ग्रॅम फॅटमध्ये 9 कॅलरी, प्रोटीन आणि कार्ब्जमध्ये 4. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास 120 कॅलरी, आणि तो चमचा ग्रेव्हीत, सॉसमध्ये किंवा भाजीवर कुठे गेला ते दिसत पण नाही. म्हणून मेन्यूतले शब्द वाचायला शिकायचं. क्रिस्पी म्हणजे तळलेलं, क्रीमी म्हणजे क्रीम किंवा बटर, लोडेड म्हणजे वर चीज. ग्रिल्ड, रोस्टेड, वाफवलेलं, उकडलेलं हे आपल्या कामाचे, तरी वेटरला एकदा विचारावं की वरून बटर घालता का, घालत असाल तर माझ्या डिशला नको. मला आधी असं विचारायला संकोच वाटायचा, पण त्यांच्यासाठी हा रोजचा प्रश्न असतो, बहुतेक जण लगेच हो म्हणतात. तळलेलं घरच्यांना हवंच असतं तर एक प्लेट मागवायची, टेबलाच्या त्या टोकाला ठेवायची, आपल्या हाताशी नाही. वाकून मागून घ्यावं लागलं तर आपण दोन तुकड्यांवर थांबतो, हाताशी असेल तर सहा होतात.

पिण्याचं म्हणाल तर पाण्याचा जग आधी मागवा. 330 मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवलेली उत्तम. मुलांना कोला हवाच असेल तर एक मागवून दोन ग्लासात.

जेवण आलं की मी एकदाच ताट वाढून घेते. अर्धं ताट भाज्या, मग प्रोटीन, मग भात, ब्रेड किंवा पास्ता जे असेल ते थोडं, आणि त्यानंतर मधल्या बाऊलमधून थेट चमचा घालायचा नाही, तीच सवय सगळ्यात जास्त नडते. पोट भरल्याचा सिग्नल पोचायला वीसेक मिनिटं लागतात, तेव्हा घास खाली ठेवून बोलत बसा, शेवटी त्यासाठीच तर गेलोय ना. बुफे असेल तर आधी रिकाम्या हाताने एक चक्कर मारून सगळं बघून या, प्लेट नंतर उचला.

आता घरचे. सासूबाई प्रेमाने म्हणतात, "अगं घे की, एवढ्याने काय होतंय." पूर्वी मी तिथेच डाएटचं पुराण लावायचे, मग त्यांना वाईट वाटायचं आणि बाकीचे पण गप्प व्हायचे. आता म्हणते, "हो आई, आधी हे संपवते," आणि खरंच आधी ते संपवते, तोवर विषय पुढे गेलेला असतो. घरी निवांत असताना त्यांना एकदा नीट सांगितलं की डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय, गुडघे दुखतात, तेव्हापासून त्या स्वतःच सूप मागवतात. टेबलावर समजावायला जाऊ नका, घरी सांगा.

आणि मुलांसमोर जपून बोला, ही गोष्ट मला फार मनापासून सांगायचीय. एकदा डेझर्ट आलं तेव्हा मी सहज म्हणाले, नको बाई, आधीच जाड झालेय, आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने हातातला चमचा खाली ठेवला आणि विचारलं, मी पण जाड आहे का? मला काय बोलावं सुचेना. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून टेबलावर जाड, बारीक, कॅलरी, चीट, उद्या उपाशी राहीन हे शब्द बंद. मला नको असेल तर फक्त म्हणायचं, पोट भरलंय माझं. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंचा एक नियम मी धरून ठेवलाय, काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही ते मुलांनी. त्यामुळे माझं हलकं खाणं मी मुलांच्या ताटावर लादत नाही, त्यांची प्लेट संपवायचा आग्रह करत नाही आणि त्यांचं उरलेलं स्वतः संपवत पण नाही. ते शेवटचं बऱ्याच आयांना लागू पडेल, मुलांच्या ताटातले चार घास कुणी मोजत नाही पण पोटात जातातच.

उरलेलं पार्सल करून घ्या, त्यात लाज कसली. डबा आधीच मागवला तर अजून बरं, मोठी डिश असेल तर अर्धी सुरुवातीलाच डब्यात जाते. जेवण टेबलावर आल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये जायला हवं, म्हणून घरी आल्याबरोबर ठेवा.

डेझर्ट मला मनापासून आवडतं म्हणून ते मी सोडलेलं नाही. आम्ही एक मागवतो आणि पाच चमचे. ज्या दिवशी डेझर्ट घ्यायचं असतं त्या दिवशी तळलेलं स्टार्टर मी घेत नाही, दोन्हीतलं एकच, आणि कोणतं ते घरून निघतानाच ठरवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर उभं राहू नका. बाहेरच्या जेवणात मीठ भरपूर असतं, ते पाणी धरून ठेवतं आणि काटा एक किलो वर दाखवतो, ती चरबी नसते. एक किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा साधारण 7700 कॅलरी जास्त जाव्या लागतात, एका रात्रीत एवढं कुणी खात नाही. मी तेव्हा घाबरून दिवसभर उपाशी राहायचे आणि रात्री दुप्पट खायचे. आता सकाळी नेहमीचा नाश्ता, भरपूर पाणी, संध्याकाळी चालायला जाणं, आणि वजन बघायचं ते तीन-चार दिवसांनी.