हिवाळ्यात पाणथळ गवतातील आमरी कशी शोधावी आणि ओळखावी

मुंबईकराला पाणथळ जागा म्हटली की ठाण्याची खाडी, खारफुटी आणि रोहित पक्षी आठवतात. परंतु झ्युक्सिन स्ट्रॅट्युमॅटिका ही जमिनीवर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड, शोधायची असेल, तर खाऱ्या चिखलाकडे पाठ फिरवून गोड्या पाण्याच्या ओलीकडे वळावे लागते.

प्रथम हंगाम साधावा. आपल्याकडील जमिनीवरच्या बहुतेक आमरी पावसाळ्यात फुलतात. ही मात्र थंडीत, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत फुलते.

त्यानंतर जागा निवडावी. ओढ्याचा काठ, भाताच्या खाचराचा बांध, पाझराखालची गवताची पट्टी, तलावाचे पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला काठ, इतकेच काय, रोज पाणी मिळणारी बागेतील हिरवळ, अशा उन्हाच्या आणि ओल्या जागा तिला मानवतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात रीतसर परवानगीनेच फिरावे, आणि पवई तलावात मगरी आहेत हे विसरून काठाशी उकिडवे बसू नये.

प्रत्यक्ष शोध उभ्याने होत नाही. झाड जेमतेम वीतभर उंच, पाने गवतासारखी अरुंद, त्यांना देठ नाही आणि त्यांचा तळ खोडाला वेढून असतो. गवतातून ते वेगळे दिसते ते पानांवरच्या तपकिरी-जांभळट झाकेमुळे. म्हणून हिरव्या रंगात मळकट वाटणारा ठिपका दिसला की तेथे खाली वाकावे.

आता भिंग काढावे. शेंड्यावरच्या दाट कणिशात लहान पांढरी फुले असतात आणि प्रत्येक फुलाखालचे छद (फुलाच्या बुडाशी असलेले छोटे पान) फुलापेक्षा लांब असते. वरचे संदल (बाहेरच्या वर्तुळातील दल) आणि दोन प्रदले (पाकळ्या) मिळून टोपडे होते. त्याखाली पिवळा, मांसल ओष्ठ, म्हणजे ओठासारखी खालची पाकळी, असून त्याचा तळ पिशवीसारखा फुगीर असतो. फुले पुरती उमलत नाहीत, त्यामुळे अर्धमिटले फूल पाहून कळी समजण्याची घाई करू नये. पांढऱ्या टोपड्यातून डोकावणारा पिवळा ओष्ठ ही माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण.

फुलाकडे कीटक फिरकला नाही तरी बिघडत नाही, कारण या वनस्पतीत परागीभवनाशिवायही बी तयार होते. धुळीसारख्या बियांत अन्नसाठा नसल्याने रुजण्यासाठी मात्र मातीतील बुरशीची साथ लागते. मूळची आशियातील ही वनस्पती 1936 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात आढळली आणि तेथील हिरवळींत चांगलीच पसरली.

शेवटी नोंद करावी: पान, कणीस आणि ओष्ठ यांची जवळून छायाचित्रे, मातीची ओल, शेजारची झाडे आणि तारीख. झाड उपटून कुंडीत लावू नये. फळे धरल्यावर ते बहुधा मरतेच, आणि बी पडायचे ते कुंडीत न पडता त्याच ओल्या मातीत पडले पाहिजे.