तालुक्याच्या महाविद्यालयातील पहिले वर्ष: वर्ग आणि वावर यांचा मेळ कसा घालावा

विदर्भातील तालुक्याच्या गावी बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ला प्रवेश घेणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या घरी शेती असते आणि महाविद्यालयाचे पहिले सत्र नेमके पेरणीच्या सुमारास सुरू होते. जूनअखेर पेरलेले सोयाबीन साधारण ९० ते ११० दिवसांत सोंगणीला येते, म्हणजे अंतर्गत चाचण्या आणि प्रकल्पवह्या देण्याच्या दिवसांतच घरी माणसांची गरज पडते. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि त्याच काळात विद्यापीठाची हिवाळी परीक्षा येऊन ठेपते. हा पेच दरवर्षीचा असल्याने तो आधीच कागदावर मांडून ठेवता येतो, आणि माझ्या मते प्रवेशानंतरच्या पहिल्या आठवड्यात करण्यासारखे याहून महत्त्वाचे काम नाही.

त्यासाठी घरातील भिंतीवरची दिनदर्शिका घ्यावी आणि आईवडिलांच्या सोबत बसून सोंगणी, मळणी आणि वेचणीचे अंदाजे दिवस त्यावर लिहावेत. त्याच पानावर महाविद्यालयाचे वेळापत्रक उतरवावे. आता हजेरीचा हिशेब करावा. नियम ७५ टक्क्यांचा आहे आणि एका सत्रात ९० अध्यापन दिवस धरले, तर २२ दिवस गैरहजर राहता येईल असे वरवर वाटते; परंतु हजेरी विषयवार मोजली जाते आणि खरी फसगत तेथेच होते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमात अनेक विषय दोन श्रेयांकांचे (क्रेडिटचे) आहेत. एका श्रेयांकाला १५ तासिका या हिशेबाने अशा विषयाच्या सत्रभरात ३० तासिका होतात, त्यांपैकी २३ तासिकांना हजर राहावे लागते आणि हाती केवळ सात तासिकांची सूट उरते. तुमच्या गावचा आठवडी बाजार ज्या वारी भरतो त्याच वारी या विषयाची तासिका असेल, तर दीड-दोन महिन्यांत ही सूट संपून जाते. म्हणून कोणते वार कोणत्याही परिस्थितीत सोडायचे नाहीत, हे घरी जुलैमध्येच सांगून ठेवावे. ऐन सोंगणीत सांगितलेले कारण कोणालाच पटत नाही, आणि त्यात घरच्यांची चूक असते असेही नाही.

विषय निवडताना मैत्रिणीने काय घेतले यापेक्षा तो विषय शिकवण्यास कोण आहे, याची चौकशी करावी. लहान महाविद्यालयांत अनेक जागा रिक्त असतात आणि तेथे तासिका तत्त्वावरील प्राध्यापक शिकवतात. त्यांची नेमणूक बऱ्याचदा सत्र सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांनी होते, त्यामुळे त्या विषयाचा अभ्यासक्रम शेवटी घाईने उरकला जातो. यात त्या प्राध्यापकांना कमी लेखण्याचा हेतू नाही. किंबहुना सर्वांत जीव ओतून शिकवताना मी त्यांनाच पाहिले आहे. परंतु त्यांपैकी काही जण दोन ठिकाणी शिकवतात, म्हणून ते कोणत्या वारी येतात हे लिहून घ्यावे आणि शंका त्या दिवसासाठी जमवून ठेवाव्यात. वर्गात तीसच विद्यार्थी असतील तर प्राध्यापक तुम्हाला नावाने ओळखतात. मोठ्या शहरातील शंभर-सव्वाशेच्या वर्गात ही सोय मिळत नाही. तिचा उपयोग मात्र स्वतःहून करून घ्यावा लागतो.

पुस्तक घेण्यापूर्वी आपले विद्यापीठ कोणते, हे नीट पाहावे. वणीचे महाविद्यालय संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला, वरोऱ्याचे गोंडवाना विद्यापीठाला आणि हिंगणघाटचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेले असते, आणि ही गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत. मामेभावाचे जुने पुस्तक त्यामुळे आपल्या कामाचे असेलच असे नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून त्याची झेरॉक्स काढावी आणि शिकवून झालेल्या घटकापुढे तारीख टाकत जावी. अभ्यासक्रम बदलला असल्यास जुन्या प्रश्नपत्रिकांतील कोणते प्रश्न अजून लागू आहेत, हेही त्यावरूनच कळते.

कागदपत्रांचे काम पाऊस लागण्यापूर्वीच उरकावे, कारण प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर मोठी रांग असते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रिमिलेयर या प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती काढून ठेवाव्यात. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाकडून पुढे गेला की नाही, हे दर पंधरा दिवसांनी पाहावे. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. मध्येच दुसरे खाते उघडून ते आधारला जोडले, तर पैसे तिकडे जातात आणि मूळ खात्याचे पासबुक भरून आणणारा विद्यार्थी उगाच कार्यालयाशी वाद घालत बसतो. मिळवलेले श्रेयांक ज्यात जमा होतात त्या ऑनलाइन श्रेयांक खात्यासाठी आधारवरील नाव गुणपत्रिकेशी जुळावे लागते. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, असा प्रकार सर्रास आढळतो. दुरुस्ती करायची असल्यास ती पहिल्याच वर्षी करून घ्यावी.

रोज एसटीने ये-जा करणाऱ्यांनी मासिक पास वेळेवर काढावा, त्यात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे. गाडी चुकल्यामुळे किंवा परतीच्या गाडीला अवकाश असल्यामुळे मिळणारे दीड-दोन तास बसस्थानकावर घालवण्याऐवजी ग्रंथालयात काढावेत. गावात संध्याकाळी वीज राहील याची खात्री नसते, त्यामुळे लिहिण्याचे काम तेथेच संपवावे आणि वाचण्याचे तेवढे घरी न्यावे. माझ्या माहितीतील एका विद्यार्थिनीने सर्व स्वाध्याय परतीच्या गाडीची वाट पाहताना पूर्ण केले होते, आणि त्या सत्रात तिचे अंतर्गत गुण वर्गात सर्वाधिक होते.

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालण्यास हरकत नाही. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, एवढे त्यासाठी लागते. शिबिराची तारीख वेचणीच्या तारखांसोबत दिनदर्शिकेवर टाकून ठेवावी.

निकाल लागल्यावर एखाद्या विषयात अनपेक्षितपणे कमी गुण दिसले, तर लगेच पुनर्मूल्यांकनाचे शुल्क भरू नये. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी आणि ती त्या विषयाच्या प्राध्यापकांसमोर ठेवून एकेक उत्तर तपासून घ्यावे. बेरीज चुकली असेल किंवा एखादे उत्तर तपासायचे राहिले असेल, तरच पुढचा अर्ज करावा. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून त्या आठवड्यात वेचणी कितीही जोरात असली तरी एक दिवस महाविद्यालयात जाऊन यावे.