गुरुत्वाकर्षण शिकवताय? मग फॉर्म्युला जरा उशिरा येऊ द्या

बहुतेक वेळा होतं असं की पहिल्याच तासाला न्यूटनचा फॉर्म्युला फळ्यावर येतो, मुलं तो पाठ करतात, चार गणितं सोडवतात आणि धडा संपला. इतिहास म्हणजे मग नुसती नावं आणि सनावळी.

त्यापेक्षा आधी विचारा, जड वस्तू लवकर पडते का? ॲरिस्टॉटल हो म्हणायचा, आणि त्याच्या बाजूने बरेच हात वर येतील. त्यांना हसू नका, दगड आणि पीस सोडलं तर तसंच दिसतं ना! मग एक पुस्तक आणि एक कागद वेगवेगळे सोडा, नंतर तोच कागद पुस्तकावर ठेवून सोडा (कागद पुस्तकापेक्षा लहान हवा, नाहीतर हवा लागून घोळ होतो). एवढ्यावर वर्गात भांडणं लागतात, लागू द्या.

पडणारी वस्तू मोजायला फार फास्ट, म्हणून गॅलिलिओने उतार वापरला. तुम्हीही फळी तिरकी करून गोटी सोडा, मोबाईलवर शूट करा आणि सारख्या वेळात कापलेली अंतरं मुलांनाच मोजू द्या, साधारण 1, 3, 5, 7 या प्रमाणात येतात. अगदी तंतोतंत नाही येणार.

ग्रहांच्या गतीचे केपलरचे तीन नियम पटकन उरका, पण एक गोष्ट सोडू नका. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी मंगळाचा हिशोब फक्त 8 आर्कमिनिटांनी (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) जुळत नव्हता, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पाव भाग, आणि तेवढ्यासाठी केपलरने कक्षेसाठी वर्तुळ सोडलं आणि 1609 मध्ये लंबवर्तुळ मांडलं. एरर म्हणजे काय हे याहून चांगलं कुठे शिकवणार?

आता खरा तास, चंद्राचा. याला पूर्ण पिरियड द्या. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण 60 त्रिज्या लांब आहे, मग ओढ अंतराच्या वर्गाने कमी होत असेल तर तिथलं त्वरण जमिनीवरच्या 9.8 ला 60 च्या वर्गाने, म्हणजे 3600 ने भागून 0.0027 मी/से² यायला हवं. हे बाजूला लिहून ठेवा. मग मुलांना फक्त चंद्राचं अंतर 3,84,000 किमी आणि एका फेरीचे 27.3 दिवस द्या आणि वर्तुळाकार गतीवरून त्वरण काढायला सांगा. निम्मी मुलं दिवसांचे सेकंद करायला विसरतात, ते होणारच, पण दोन्ही आकडे जुळले की वर्गाचे चेहरे बघा. फॉर्म्युला लिहायची वेळ ही, आणि न्यूटनने तो छापला ते 1687 हे साल सांगायचीही हीच.

कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने 1798 मध्ये G (फॉर्म्युल्यातला गुरुत्व स्थिरांक) मोजला असं सगळेच सांगतात, पण त्याने काढली होती पृथ्वीची घनता, पाण्याच्या जवळपास साडेपाच पट. G नंतरच्या लोकांनी त्यावरून काढला.

शेवटी नेपच्यून आणि बुध जोडीनेच घ्या, वेगळे करू नका. युरेनस हिशोबापेक्षा वाकडा चालतोय म्हणून फ्रेंच गणिती ल व्हेरिएने गणिताने नवा ग्रह सांगितला आणि 1846 मध्ये बर्लिनला तो, म्हणजे नेपच्यून, सापडलाही. मग सांगा की बुधाच्या कक्षेतही शतकाला 43 आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे आर्कमिनिटाचा साठावा भाग) हिशोब लागत नाहीये, आता तुम्ही काय कराल? जवळपास सगळे म्हणतात, अजून एक ग्रह असेल. ल व्हेरिएही तेच म्हणाला होता. तास इथेच थांबवा, हे कोडं सोडवणारा आइनस्टाइन आणि त्याचं 1915 पुढच्या तासाला.