"ताई, दोनच ओळी आहेत": अनुवादकाने फुकटच्या कामाला कुंपण कसं घालावं

अनुवादाच्या धंद्यात "फुकट करा" असं कुणीच म्हणत नाही. "जरा नजर फिरवा", "हातासरशी हेही बघा" अशा नावांनी ते काम येतं. त्यामुळे आधी ते ओळखायला शिका. मागच्या तीन महिन्यांचे ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप चाळा. बिलात न आलेलं प्रत्येक काम वहीत लिहा आणि पुढे लागलेली मिनिटं मांडा.

मी हे केलं तेव्हा सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला निघाला तो डीटीपीनंतरच्या, म्हणजे छपाईसाठी पानं मांडून झाल्यानंतरच्या, तपासणीने. आपण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणित संकेतांत, नीट मजकूर देतो. क्लायंटचा डिझायनर तो इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवतो, त्यातली देवनागरी नीट जुळवणारी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' ही सोय निवडायचं विसरतो आणि जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. मग पीडीएफ येते: "तुमच्या मराठीत चुका आहेत." चूक आपली नसते, शोधत मात्र आपणच बसतो. छापखान्याला श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, मजकूर हवा असेल तरी तेच. रूपांतर मिनिटभरात होतं, नंतर ओळ न् ओळ वाचावी लागते.

आता दरपत्रक करा. एक पान पुरे. शब्दामागे दर असेल तर शब्द मूळ मजकुराचे मोजायचे की मराठीचे, ते लिहा. इंग्रजीत 'ऑन द टेबल' हे तीन शब्द, मराठीत 'टेबलावर' हा एकच! डीटीपी तपासणी आणि फॉन्ट रूपांतराचा ताशी दर वेगळा लिहा. दोन ओळींच्या कामांसाठी किमान शुल्क ठेवा. नमुना अनुवाद फुकट देणार असाल तर २०० शब्दांपर्यंतच. एकच दस्तऐवज दहा जणांना 'नमुना' म्हणून वाटून अख्खा करून घेणारेही असतात.

दुरुस्त्यांबाबत तीन गोष्टी वेगळ्या मांडा. माझी चूक असेल तर दुरुस्ती कधीही फुकट. यात कंजूषपणा करू नका. 'ग्राहक'ऐवजी 'कस्टमर' हवं, असा आवडीनिवडीचा बदल असेल तर एक फेरी दरात धरलेली. मूळ मजकूरच बदलला तर नवं काम, नवे पैसे. वादाला तोंड फुटतं ते बहुतेक या तिसऱ्यावरून, म्हणून ते काम सुरू होण्याआधी ईमेलवर मान्य करून घ्या.

मग मागणी आली की 'नाही' म्हणायची वेळ फारशी येत नाही. आकडा सांगायचा:

"हो, करून देते. हे मूळ कामात धरलेलं नव्हतं. वीस पानांच्या तपासणीला साधारण दोन तास लागतील, ताशी दराने बिल होईल. बुधवारी संध्याकाळी देऊ शकेन. सुरू करू का?"

उत्तर येईपर्यंत फाइल उघडायची नाही. हे सगळ्यात अवघड जातं. पण एवढ्याने बरीच 'अर्जंट' कामं आपोआप विरघळतात.

जुन्या क्लायंटला एकदम दरपत्रक पाठवलं तर त्याला ते खटकतं. पुढचं काम येईल तेव्हाच सांगा. एखादं काम आपखुशीने फुकट केलंत, तर बिलात पूर्ण रक्कम दाखवून खाली १०० टक्के सवलत लिहा. काम दिसलं पाहिजे.

रखडलेलं बिलही फुकटचंच काम, बिनव्याजी उधारीचं. सरकारी पोर्टलवर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून नोंदणी, करून ठेवा, तिला पैसे पडत नाहीत. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार, लेखी करार असला तरी नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. बिलाखाली ही ओळ छापा. धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून.

नातेवाइकांच्या लग्नपत्रिका मात्र मी अजून फुकटच तपासते. 'श्रीकृपेकरून'मधल्या 'कृ'चा 'क्रु' झालेला दिसला की हात शिवशिवतातच.