मायक्रोकॅप्सूलवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

या विषयात पीएचडीला येणारे बहुतेक जण आधी लेझरबद्दल विचारतात. साहजिक आहे. मायक्रोकॅप्सूल म्हणजे काही मायक्रॉनची पोकळ गोळी; तिच्या कवचात सोन्याचे नॅनोकण बसवले की कॅप्सूल प्रकाशाने तापते, फुटते आणि आतलं औषध सुटतं, हे वाचून मीही इकडे वळले. पण सुरुवातीचे कित्येक महिने तुमचा संबंध येणार तो सेंट्रिफ्यूजशी, म्हणजे वेगाने फिरवून कण तळाशी बसवणाऱ्या यंत्राशी, आणि पुढचं सगळं तिथेच ठरतं.

रसायनशास्त्रज्ञ गेरो डेखर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सपाट पृष्ठभागावर विरुद्ध भाराच्या पॉलिमरचे थर आळीपाळीने चढवून दाखवले. १९९८ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या गटाने तेच गोल कणांवर करून आतला कण, म्हणजे गाभा, विरघळवला आणि पोकळ कवच मिळवलं. ते मूळ पेपर आधी वाचा.

गाभ्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट स्वस्त आणि सोयीचं. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम कार्बोनेटची द्रावणं जोरात ढवळत एकत्र केली की थोड्याच वेळात काही मायक्रॉनचे सच्छिद्र गोळे तयार होतात. हे व्हॅटेराइट, कॅल्शियम कार्बोनेटचंच एक स्फटिकरूप. पाण्यात पडून राहिलं तर त्याचे कोपरेदार कॅल्साइट स्फटिक होतात. म्हणून लगेच धुऊन वाळवा आणि मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग या गाभ्यावर पॉलिमरचे थर: ऋणभारित पीएसएस, धनभारित पीएएच, पुन्हा पीएसएस. एकेक थर जेमतेम काही नॅनोमीटरचा. दर थरानंतर नीट धुवायचं, कारण सुटा पॉलिमर मागे राहिला तर पुढचा पॉलिमर त्यालाच चिकटतो आणि गुठळ्या होतात. वेळ वाचवायला सेंट्रिफ्यूजचा वेग वाढवू नका. घट्ट बसलेला गाळ पुन्हा सुटा होत नाही. झीटा पोटेन्शियलचं, म्हणजे कणाच्या पृष्ठभागावरचा भार दाखवणाऱ्या मापाचं, चिन्ह दर थराला पालटायला हवं. पालटलं नसेल तर तिथेच थांबा. शेवटी ईडीटीएने, म्हणजे कॅल्शियम पकडून ठेवणाऱ्या रसायनाने, गाभा विरघळवायचा.

इतकं हाताला बसलं की नॅनोकण अवघड नाहीत. सायट्रेटने स्थिर केलेले सोन्याचे कण ऋणभारित असतात, त्यामुळे पीएएचवर आपसूक बसतात. तो आणखी एक थरच. मात्र सुटे गोल कण ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. ऊतींमधून खोल जाणारा जवळचा अवरक्त प्रकाश वापरायचा असेल तर कण दाटीने जमलेले किंवा दांड्याच्या आकाराचे लागतात.

गाइड निवडण्याआधी प्रयोगशाळेत जाऊन दोनच गोष्टी विचारा: झीटा मोजायचं यंत्र रोज वापरायला मिळतं का, आणि कॅप्सूलचे आतले छेद दाखवणाऱ्या कॉन्फोकल मायक्रोस्कोपसाठी किती दिवस थांबावं लागतं.