विजया चूर्णाची सूक्ष्मजीव चाचणी कशी करावी

भांगेची पाने आयुर्वेदात विजया या नावाने औषधासाठी वापरली जातात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाची जी व्याख्या आहे, तीत शेंडे नसलेली पाने व बिया येत नाहीत. म्हणून आपल्याकडील आयुर्वेदिक कारखान्यांच्या प्रयोगशाळेत तपासणीसाठी येते ते मुख्यतः पानांचे चूर्ण. पानांवर राज्य सरकारचे नियंत्रण असल्यामुळे नमुना स्वीकारताना परवान्याची कागदपत्रे आणि बॅच क्रमांक ताडून पाहावेत आणि चाचणीत किती ग्रॅम खर्च झाले याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपिया या औषधमानकांच्या अधिकृत ग्रंथानुसार पोटात घ्यायच्या वनस्पतिद्रव्यात एकूण सूक्ष्मजीव प्रतिग्रॅम १ लाखापर्यंत आणि यीस्ट व बुरशी १,००० पर्यंत चालतात, ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा मात्र अजिबात आढळता कामा नयेत. अश्वगंधा किंवा हरड्यासाठी बसवलेली पद्धत जशीच्या तशी विजयेला लावण्याकडे अनेकांचा कल असतो आणि माझ्या मते सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. या वनस्पतीच्या राळेतील टीएचसी (नशा आणणारा) आणि सीबीडी (नशा न आणणारा) हे घटक स्वतःच जीवाणुनाशक आहेत. मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढ्या प्रमाणातही ते स्टॅफिलोकॉकसची वाढ रोखतात, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी १९७६ मध्येच दाखवले होते. त्यामुळे पेट्री डिश (जीवाणू वाढवण्याची उथळ ताटली) स्वच्छ दिसली तरी पाने स्वच्छ असतीलच असे नाही. पानांवर जिवंत असलेले जीवाणू त्याच पानांतील राळेमुळे डिशमध्ये वाढू शकले नाहीत, असेही घडलेले असू शकते.

म्हणून खऱ्या चाचणीआधी पद्धतीची योग्यता तपासावी. चूर्णाच्या १:१० द्रावणात स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास, बॅसिलस सबटिलिस, कँडिडा अल्बिकन्स आणि अ‍ॅस्परजिलस ब्राझिलिएन्सिस हे प्रमाणित जीव वेगवेगळे, प्रत्येकी १०० पेक्षा जास्त नाहीत अशा संख्येने घालावेत. चूर्णाशिवाय केलेल्या नियंत्रण डिशमधील वसाहतींच्या (जीव वाढून दिसू लागलेल्या ठिपक्यांच्या) निम्म्यापासून दुपटीपर्यंत वसाहती परत मिळाल्या, तर पद्धत योग्य समजावी. स्यूडोमोनाससारख्या ग्रॅम-ऋण गटातील जीवाणूंना बाहेरच्या आवरणाचे संरक्षण असते, म्हणून स्यूडोमोनास बहुधा नीट परत मिळतो. खरी परीक्षा असे आवरण नसलेल्या स्टॅफिलोकॉकस आणि बॅसिलस यांच्या वेळी होते. ते कमी आले, तर राळेचा परिणाम शमवण्यासाठी द्रावणात पॉलिसॉर्बेट ८० आणि लेसिथिन घालून पाहावे, तेवढ्याने भागले नाही तर विरलन (द्रावण पातळ करणे) १:१०० पर्यंत वाढवावे. गाळण-पटल (द्रावण गाळून जीव अडवणारा बारीक पडदा) वापरण्याचा मोह होतो, पण राळेमुळे पटल लवकर तुंबते. शोधन (औषधाआधीची आयुर्वेदिक शुद्धी) करताना पाने गाईच्या तुपात परतली असतील, तर पॉलिसॉर्बेटशिवाय चूर्ण पाण्यात मिसळतच नाही. अशा नमुन्याची योग्यता वेगळी तपासावी, कच्च्या पानांचा निकाल त्याला लावू नये.

नमुना गोणीच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या भागातून निर्जंतुक चमच्याने घ्यावा. ओलसर वास येणारा कोपरा टाळू नये, उलट तिथला नमुना स्वतंत्र पिशवीत घ्यावा, कारण बुरशी सगळ्या गोणीत सारखी पसरत नाही. शक्य असेल तर जल-क्रियाशीलता (सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे मोकळे पाणी किती, याचे ० ते १ मधील माप) मोजावी, ती ०.६५ च्या खाली असेल तर साठवणीत बुरशी वाढण्याचा धोका फारच कमी असतो.

त्यानंतर १० ग्रॅम चूर्ण पीएच ७ च्या ९० मिलि निर्जंतुक पेप्टोन-सोडियम क्लोराइड द्रावणात घालून नीट हलवावे आणि पुढची दहापट विरलने करावीत. प्रत्येक विरलनाच्या १ मिलिवर ४५ अंशांपेक्षा गरम नसलेले १५ ते २० मिलि आगर (थंड झाल्यावर घट्ट होणारे पोषक माध्यम) ओतावे, आणि प्रत्येकी दोन डिश ठेवाव्यात. जीवाणूंसाठी सोयाबीन-केसिन आगर ३० ते ३५ अंशांवर ३ ते ५ दिवस, बुरशीसाठी सबुरो डेक्स्ट्रोज आगर २० ते २५ अंशांवर ५ ते ७ दिवस ठेवावे. १:१० च्या डिशमध्ये पानांचे हिरवे कण हुबेहूब बारीक वसाहतींसारखे दिसतात. यावर उपाय सोपा आहे : तशीच एक डिश फ्रीजमध्ये ठेवावी आणि मोजताना दोन्ही डिश शेजारी धरून पाहाव्यात, जे ठिपके दोन्हींत आहेत ते कण. बुरशीच्या डिश तिसऱ्या दिवशीही पाहाव्यात, कारण ऱ्हायझोपस ही झपाट्याने वाढणारी बुरशी एकदा पसरली की खालचे काही मोजता येत नाही.

समजा १:१,००० विरलनाच्या दोन डिशमध्ये ६२ आणि ७० वसाहती आल्या, तर सरासरी ६६, म्हणजे प्रतिग्रॅम ६६,०००. हा नमुना मर्यादेत बसतो.

घातक जीवाणूंसाठी आधी सोयाबीन-केसिन द्रवात संवर्धन करावे आणि मग ठरावीक जीवाणूच वाढू देणाऱ्या माध्यमांवर जावे : ई. कोलायसाठी मॅक्कॉन्की द्रव ४२ ते ४४ अंशांवर व नंतर मॅक्कॉन्की आगर, साल्मोनेलासाठी रॅपापोर्ट-व्हॅसिलियाडिस द्रव व एक्सएलडी आगर, स्टॅफिलोकॉकससाठी मॅनिटॉल सॉल्ट आगर, स्यूडोमोनाससाठी सेट्रिमाइड आगर. संशयास्पद वसाहतीची ओळख पटवल्याशिवाय ‘आढळला’ असे लिहू नये.

ज्या देशांत भांगेचे फूल वाफेवाटे ओढले जाते, तिथे नियम याहून कडक आहेत. कॅलिफोर्नियात श्वासावाटे घ्यायच्या मालाच्या १ ग्रॅममध्ये अ‍ॅस्परजिलस या बुरशीच्या चार प्रजातींपैकी एकही आढळलेली चालत नाही. १९८८ मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाचा दूषित गांजा ओढल्यानंतर झालेल्या अ‍ॅस्परजिलसच्या संसर्गाने मृत्यू झाल्याची वैद्यकीय नोंद आहे. विजया पोटात घेतली जाते म्हणून हे नियम तिला लागू नाहीत. तरीही अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस दिसला, तर अफ्लाटॉक्सिन या त्या बुरशीच्या विषाची रासायनिक चाचणी लगेच लावावी. गॅमा किरण देऊन किंवा पाने भाजून बुरशीचा आकडा खाली आणता येतो, पण तिने आधीच तयार केलेले विष त्याने भरवशाने जात नाही. म्हणून प्रक्रियेनंतर उत्तीर्ण झालेल्या बॅचच्या अहवालात प्रक्रियेआधीचा आकडाही लिहावा.